गिरीजच्या नानांवरची तक्रार

तक्रार कशी लिहावी हे मला कुणी शिकवलं, सांगू? ज्याच्यावर करायची होती, त्यानेच!

वसईजवळच्या गिरीज गावच्या नानांकडून मी त्यांची जुनी डिझेल गाडी विकत घेतली. नाना वाडीवाले, म्हणजे फुलांची बाग असलेले. त्याच गाडीतून रोज पहाटे सोनचाफा थेट दादरच्या फुलबाजारात न्यायचे. माझ्याकडे येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच समोर पिवळा दिवा लागला आणि गाडी ओढेना. माझं डोकंच सटकलं. ‘खराब गाडी गळ्यात मारली’ वगैरे चार मुद्दे कागदावर उतरवले आणि तडक वाडीत गेलो.

नानांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला.

"गाडी नेतोस कुठे?"

"घर ते विरार स्टेशन. दहा मिनिटं."

"बस गाडीत."

हायवेला लागून त्यांनी ती थेट मनोरपर्यंत दामटली. परतताना दिवा आपोआप विझला.

"सायलेन्सरच्या जाळीत काजळी साचते रे. गाडी लांब पळाली की जळून जाते. तुझ्या दहा मिनिटांत कशी जळणार?"

मी असा ओशाळलो! कागद फाडायलाच निघालो होतो.

"थांब," नाना म्हणाले. खिशातलं पेन काढून त्यांनी माझे चारही मुद्दे खोडले आणि खाली पाचवा लिहिला: ‘ही गाडी अधूनमधून लांब पळवावी लागते, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही.’ त्याखाली स्वतःची सही ठोकली.

"घे. आता झाली खरी तक्रार. कर!"