विनिफ्रेडबाईंची वही

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर शैलेंद्र, व्यासपीठावरच्या मेट्रनबाई, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सिस्टर विनिफ्रेड तुस्कानो, आणि ऑस्ट्रेलियातल्या या कालगुर्ली गावातल्या माझ्या मोजक्या मराठी बंधुभगिनींनो,

सुनीतीताईंनी आत्ता माझी ओळख करून दिली, "रन या एका इंग्रजी शब्दावर अफलातून लेख लिहिणारे चारुदत्त." गेली पाच वर्षं ही ओळख मी मिरवतोय. आज ती पुसायला उभा राहिलोय.

शहात्तर साली अपेंडिक्ससाठी मी इथल्या हॉस्पिटलात पडलो होतो. खाणीवर इंजिनियर, त्यात पुण्याचा. इंग्रजीची घमेंड विचारू नका! शेजारच्या खाटेवर टॉम हॅनिगन नावाचा म्हातारा मेंढपाळ. म्हणाला, "चाळीस वर्षं रनवर काढली, मेट." मी ड्यूटीवरच्या या सिस्टरना मराठीत विचारलं, एवढा पळून म्हातारा गेला कुठे?

विनिफ्रेडबाई खो खो हसल्या. "अहो, रन म्हणजे मेंढ्यांचं कुरण!" आणि एप्रनच्या खिशातून वही काढली. नाक वाहतं ते रन, आंघोळीचं पाणी सोडायचं ते रन, दूध संपलं तर रन आउट, डॉक्टरांना उशीर झाला तर रनिंग लेट. एकशे चार अर्थ. प्रत्येकापुढे बोलणाऱ्याचं नाव आणि वॉर्ड. शिफ्ट संपल्यावर ही बाई पेशंटजवळ बसून शब्द वेचायची. आपल्यापैकी कुणाला सुचलं होतं हे?

वही मी वाचायला मागून नेली. अठ्ठ्याहत्तरच्या गणपतीत मराठी मंडळाच्या स्मरणिकेत त्या वहीवरून लेख छापून आला. खाली नाव माझं. पेशंटांची नावं मी गाळली होती, आणि विनिफ्रेडबाईंचंही.

वसईच्या नर्सने हे केलंय यावर लोकांचा विश्वास बसणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली. साफ खोटं. मलाच ते मान्य करायचं नव्हतं. मंडळी, सांगताना लाज वाटते.

पर्थला सभेत मी तो लेख वाचून दाखवला तेव्हा विनिफ्रेडबाई तिसऱ्या रांगेत होत्या. टाळ्याही वाजवल्या. मी तोंड चुकवत होतो, तर जवळ येऊन म्हणाल्या, "चारुदत्तभाऊ, टॉम गेला हो मागच्या महिन्यात. त्याचं नाव तेवढं ठेवायला हवं होतं."

स्वतःच्या नावाबद्दल अक्षर नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदाच्या स्मरणिकेत लेख पुन्हा छापतोय, त्यांच्या नावाने आणि सगळ्या पेशंटांच्या नावांसकट. संपादक शैलाताईंना कालच सगळं सांगितलं.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. त्या लेखाचं मात्र कुणी पोटात घालू नका. तो अधिकार एकट्या विनिफ्रेडबाईंचा आहे, आणि त्यांनी तो वापरलाच पाहिजे असंही नाही.