दार फिरलं का हो?

आभाळ भरून आलेलं, पण एक थेंब पडेल तर शपथ… वारा नाही, झाडाचं पान हलत नाही, सदरा पाठीला असा चिकटलेला की अंगावरच शिवून घेतलाय म्हणावं! अशा दमट हवेत शहाणा माणूस काय करतो? पंख्याखाली पडून राहतो. आणि मी कुठं होतो? बाथरूमच्या दारापुढे गुडघे टेकून, हातात पेचकस, दातांत चार स्क्रू, आणि पाचवा स्क्रू काही केल्या हलायला तयार नाही… त्यावर तीन रंगांचे थर चढलेले, हिरवा, पिवळा, पुन्हा हिरवा, एकेका थराखालून मला माझंच वय दिसायला लागलं!

आता तुम्ही म्हणाल, काका, या वयात हे धंदे सांगितले कुणी? तुम्हाला सांगतो, सुतारानं. म्हणजे त्यानं सांगितलं नाही, तो आलाच नाही! मी त्याच्या दुकानात गेलो, म्हटलं, बाबा रे, बाथरूमचं दार आत उघडतं ते बाहेर उघडायला हवं, एवढंच. तो म्हणाला, "दार फिरवायचं ना काका? आहेच काय त्यात! रविवारी येतो." बरं, कुठला रविवार ते मी विचारलं नाही, ही माझी चूक. सहा रविवार गेले.

आणि दार फिरवायचं कशासाठी, तर आमच्या हिच्यासाठी. हिचा गुडघा बदलला. नवा घातला, चकचकीत, म्हणतात पन्नास वर्षं टिकेल, म्हणजे माझ्याहून नक्की जास्त. ऑपरेशन झाल्यापासून ही लेकीकडे. कारण घरात वॉकर घेऊन ही बाथरूममध्ये शिरली की दार लागतच नाही, वॉकर दाराला आडवा येतो. बाथरूम ते केवढं! बादली आत तर माणूस बाहेर, माणूस आत तर बादली बाहेर. लेक म्हणाली, "बाबा, दार होत नाही तोवर आई इथंच." जावईबापू आणखी पुढचं बोलले, "मी म्हणतो, दोघंही कायमचे इकडेच या ना, काय ठेवलंय त्या घरात?" काय ठेवलंय म्हणजे? आमचं सगळंच ठेवलंय की हो!

सहा आठवडे रोज संध्याकाळी हिचा फोन. हॅलो नाही, बरे आहात का नाही. पहिला प्रश्न काय, तर "दार फिरलं का हो?" मी म्हणायचो, "फिरतंय, फिरतंय." मग "जेवलात का?" मी म्हणायचो, "जेवलो." दोन्ही खोटं! शेवटी आदल्या दिवशी ही म्हणाली, "उद्या चार वाजता ही दोघं मला घेऊन येतात. दार झालं असलं तर राहते, नाहीतर उरलेली लुगडी घेऊन परत जाते." उरलेली लुगडी! कपाटात उरलीच होती चार. ती गेली की कपाटात काय, माझे दोन सदरे आणि डांबराच्या गोळ्या?

मग म्हटलं, आपणच करू. आणि मी काही दाराला परका माणूस नाही बरं का! चाळीस वर्षं गोदामाच्या दारावर काढली मी. दारवान होतो. दार उघडणं आणि दार लावणं हाच माझा धंदा. शाळेचं तोंड नाही पाहिलं, पण दाराचं पाहिलं. हार्डवेअरच्या दुकानातून नव्या बिजागऱ्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "आत कागद आहे काका, वाचून बसवा, आहेच काय त्यात!" कागद उघडला. अक्षरं मला येत नाहीत, पण चित्रं होती. चित्रात एक माणूस दार बसवत होता आणि हसत होता. सगळ्या चित्रांत हसत होता! दार खांद्यावर असताना माणूस हसतो? मी उचललं तेव्हा माझ्या तोंडातून जे निघालं ते हिनं ऐकलं असतं तर लेकीकडेच राहिली असती…

असो. सकाळी सातला बसलो ते दुपारी तीनला उठलो. जुन्या बिजागऱ्या काढल्या, एक पायाच्या अंगठ्यावर पडली, पटाशीनं चौकटीला नवी खाच पाडली, ती चुकली, दुसरी पाडली, आणि दार चौकटीच्या आतल्या अंगाला होतं ते उचलून बाहेरच्या अंगाला लावलं. लागलं हो! बाहेर उभं राहून दहा वेळा उघडलं, दहा वेळा मिटलं. लोण्यासारखं! करकर नाही, कुरकुर नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. घामही असेल.

आता एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. म्हटलं, हिला आतून कडी लावता येते का ते पाहू. पुढचं दार चारच्या मंडळींसाठी उघडंच ठेवलं होतं. आत गेलो, कडी लावली. टक! काय आवाज! पुन्हा कडी काढली. निघाली. दार ओढलं.

दार येईना.

म्हटलं, कडीचं टोक अडकलं असणार. पुन्हा लावली, पुन्हा काढली, ओढलं. नाही! पेचकस खिशात होता, नशीब… कडीच सोडवली मी. अख्खी काढली, तीन तुकडे झाले तिचे. ओढलं. नाही! आतली मूठ धरून दोन्ही पाय भिंतीला लावून ओढलं, मूठ हातात आली आणि मी बादलीत! जावईबापूंनी विचारलं असतं काय ठेवलंय त्या घरात, तर मला ठेवलंय म्हणालो असतो, बादलीत!

मग डोकं चालवलं. कडी गेली, मूठ गेली, आता बिजागऱ्या सोडवायच्या. सोपं! वर पाहिलं, बिजागरी नाही. खाली पाहिलं, नाही. अहो, दाराला बिजागऱ्याच नाहीत! घाम फुटला मला. सकाळपासून दोन बसवल्या त्या गेल्या कुठं? मग आठवलं, त्या मीच पलीकडच्या अंगाला बसवल्यात. स्वतःवर असा संतापलो… म्हटलं, मूर्खा, इकडे एक तरी ठेवायची होतीस!

तेवढ्यात शेजारचे ड्रायव्हरसाहेब आले. तीस वर्षं बस चालवली त्यांनी, आता निवृत्त आहेत, पण आवाज अजून स्टँडवरचाच. "काका! काय धडधड चाललीय? बाहेर या!"

म्हटलं, "तेच करतोय अर्ध्या तासापासून!"

"दार अडकलं? हवा दमट आहे काका, लाकूड फुगलंय. आहेच काय त्यात! मी बाहेरून खांदा देतो, तुम्ही आतून ओढा. तीन म्हटलं की एकदम!"

मुठीच्या भोकातून मी पंचा ओवला, पलीकडच्या टोकाला त्यांनी गाठ मारली. "एक… दोन… तीन!" तिकडून ते ढकलतात, इकडून मी ओढतो. दोन निवृत्त माणसं, मिळून एकशे चाळीस वर्षं वयाची, सगळा जोर एकाच दिशेला! घर हललं, भिंतीवरचा आरसा पडला, पण दार? जागचं हलेल तर शपथ. ते म्हणाले, "जरा मागं घ्या काका… आता पुन्हा पुढं!" मी मागं घेतलं, पुढं घेतलं. "पिकअपच नाही!" म्हणाले.

मग मी पंचा सोडवून घेतला, बादली उपडी केली आणि बसलो तिच्यावर. तुम्हाला खरं सांगतो, हसू नका, तेव्हा जीव गळून गेला माझा. मागच्या खिडकीतून शेजारच्या घरातल्या घड्याळाचे चार टोले ऐकू आले. म्हटलं, झालं. आता ही येणार, दाराची ही दशा बघणार, लुगडी घेणार आणि जाणार. रोज संध्याकाळी फोन येईल. आता तर "दार फिरलं का हो" असंसुद्धा विचारणार नाही. विचारायला काय उरलंय?

आणि आवाज आला… टक. टक. टक. वॉकरचा. मुठीच्या भोकाला मी डोळा लावला. ही! एकटीच पुढे आलेली, लेक-जावई बाहेर गाडीतून पेटी काढत होते.

"अहो, आत आहात का?"

"आहे," म्हटलं.

"वहिनी, दार फुगलंय!" ड्रायव्हरसाहेब खांदा चोळत म्हणाले. "सुतार आणावा लागेल, कुऱ्हाड घेऊन!"

हिनं दाराकडे पाहिलं, बिजागऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "भाऊ, सरका जरा." बाहेरची मूठ धरली, दोन बोटांनी, आणि ओढली.

दार उघडलं.

लोण्यासारखं! करकर नाही, कुरकुर नाही. आणि मी बादलीवर बसलेलो, एका हातात कडी, एका हातात पंचा. चाळीस वर्षं दारवान!

"फिरलं की हो दार," ही म्हणाली. बस, एवढंच. ओठ दाबून धरले होते, पण खांदे हलत होते तिचे. मग म्हणाली, "उठा आता. दोन तास गाडीत बसलेय मी." मी बाहेर सटकलो, ही वॉकर घेऊन आत गेली, सगळी आत गेली, वॉकरसकट, आणि दार लागलं! सहा आठवड्यांनी दार लागलं हो!

आतून आवाज, "कडी कुठंय?"

कडी माझ्या हातात. तीन तुकडे.

"बरं, मग धरून ठेवा बाहेरून!"

ड्रायव्हरसाहेब सभ्य माणूस, तोंड भिंतीकडे करून उभे राहिले. तेवढ्यात लेक-जावई दारात. जावयाच्या हातात पेटी, डोळे माझ्या अंगठ्यावर, आरशाच्या काचांवर, पंच्यावर. लेक म्हणाली, "बाबा, हे काय! दार झालं का नाही? पेटी आत आणायची की परत गाडीत ठेवायची?"

आतून हीच ओरडली, "आत आण गं ती पेटी! कपाटाशी ठेव. राहायला आलेय मी!"

तुम्हाला सांगतो, असा आनंद झाला मला, असा आनंद झाला… म्हटलं, आता हे दार असं धरतो, असं घट्ट धरतो, की वाऱ्यानंसुद्धा हलायचं नाही! दोन्ही हातांनी मूठ पकडली, पाय रोवले आणि जीव खाऊन…

आतून हिची किंकाळी! आणि भिंतीकडे तोंड केलेले ड्रायव्हरसाहेब, न वळता, स्टँडवरच्या आवाजात ओरडले, "अहो काका, ओढताय काय! ढकला, ढकला… आहेच काय त्यात!"