फ्रीजर रिकामा झाला आणि मी केक घेऊन उभी

प्रेरणादायी काहीतरी सांगा म्हणालीस ना मघाशी, तुमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाला? माझ्याकडं तसलं काही नाही बाई. मला राग आलाय, तोच लिहून घे, आणि उगाच गुळमुळीत करू नको.

मी इस्लामपूरकडची, सुनंदा. वडील साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते, उसाचा रस तपासायचे, घरी आले की अंगाला मळीचा वास, आई म्हणायची आधी मोरीत जावा, मग पोरीला घ्या. ती मळी फसफसते कशी, आंबते कशी, असलं विचारून मी त्यांना भंडावून सोडायची, आणि ते म्हणायचे शिक की मग, मला काय विचारतीस. शिकले. कोल्हापूरला बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलं, स्कॉलरशिप मिळाली ती थेट स्कॉटलंडची. पहिल्याच दिवशी प्रोफेसरला म्हणाले, इंग्लंडला येऊन फार बरं वाटलं सर. बोंबला! स्कॉटिश माणसाला इंग्लंड म्हणाले, आठवडाभर बोलला नाही तो माझ्याशी.

तिथंच पीएचडी, तिथल्याच युनिव्हर्सिटीत नोकरी, तिथंच लग्न. नवरा अ‍ॅलन तिथलाच, शाळेत गणित शिकवायचा, आत चहा करतोय तो. माझं सगळं आयुष्य एका एंझाइमवर गेलं, साखर तोडणारं एंझाइम, म्हणजे वडिलांच्या मळीपासून मी काही लांब गेले नाही. त्यात एका जागी एक बदल करायचा आणि बघायचं, चालतंय का बंद पडतंय. प्रत्येक बदललेलं एंझाइम बनवणारा जिवाणू वेगळा, त्याची कुपी वेगळी, ती उणे ऐंशीच्या फ्रीजरात ठेवायची. आणि एंझाइम काढायचं ते कोल्ड रूममध्ये, स्वेटरवर स्वेटर घालून. आई फोनवर म्हणायची, एवढी शिकलीस आणि फ्रिजमध्ये काय बसतीस गं. एकेका कुपीमागं कुणा ना कुणा पोरापोरीची पीएचडी आहे, कुणाची रडारड आहे, काय सांगू तुला. पुढं इथं हॉलंडात, लायडनच्या युनिव्हर्सिटीत बोलावलं, तेव्हा घरचं सामान मागनं आलं, कुप्या कोरड्या बर्फात घालून माझ्याबरोबर. इथले लोक मला स्कॉटिश बाई म्हणतात, आणि आपले लोक भेटले की अय्या, तुम्ही मराठी बोलता? बोलते की, शिव्यापण देते.

तर इथं वय झालं की कॉन्ट्रॅक्ट आपोआप संपतं. संपू दे, कायदा सगळ्यांना सारखा, त्याचं मला काही नाही. मला काळजी कुप्यांची. माझी जुनी विद्यार्थिनी विनया, आता पुण्यात तिची स्वतःची लॅब आहे, ती म्हणाली मॅडम, सगळ्या मला द्या, मी सांभाळते. लागत काय होतं, तर आमच्या डिपार्टमेंटच्या हेडची परवानगी. हेड म्हणजे योस्ट, माझ्यापेक्षा बराच लहान, मुलाखतीला आला तेव्हा मीच त्याच्या बाजूनं बोलले होते.

आता इथं ओव्हरलेग म्हणून एक प्रकार असतो, तुला माहितीच आहे. सगळे गोल बसणार, कॉफी घेणार, प्रत्येकजण आपलं मत सांगणार आणि नाही कुणीच म्हणणार नाही. योस्ट म्हणाला, सुनंदा, किती महत्त्वाचं काम आहे तुझं, घाई नको, पुढच्या ओव्हरलेगला घेऊ. पुढच्या वेळी कोणतरी सुट्टीवर. त्याच्या पुढच्या वेळी वकिलांना विचारायला हवं. अरे नाही म्हण की बाबा एकदा! डच माणूस तोंडावर बोलतो म्हणतात ना? मी केस कापले तर चांगले दिसत नाहीत म्हणून तोंडावर सांगून गेले सगळे, आणि ह्याच्यात कुणाची जीभ उचलली नाही. मी शेवटच्या महिन्यात परत विचारलं, तर म्हणाला निरोप समारंभ होऊ दे, पुढच्याच आठवड्यात ठरवून टाकू. आणि मी, कारखान्याच्या राजकारणाच्या गावातली मी, विश्वास ठेवला.

आणि निरोपाचा केक कुणी आणायचा, तर ज्याचा निरोप त्यानंच. घालवणारे तुम्ही आणि तोंड गोड मी करायचं, व्हय? तरी केला, रीत म्हणून केला, सफरचंदाचा चांगला मोठा. तो दोन्ही हातांत धरून जिन्यानं वर गेले, तर कॉरिडॉरमध्ये माझा फ्रीजर. दार सताड उघडं, खाली टॉवेल टाकलेले, बर्फाचं पाणी पसरलेलं, आत काही नाही. टेक्निशियन बिचारी रडकुंडीला आलेली, म्हणाली नव्या मशीनला जागा पाहिजे होती, योस्टनं रिकामा करायला सांगितला, मला वाटलं तुला माहिती आहे. कुप्या कुठायत म्हटलं. लॅबच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यांतून सकाळीच जाळायला गेल्या होत्या.

तशीच आत गेले. योस्ट फुलं घेऊन उभा, भाषण सुरू, सुनंदाचा वारसा आमच्याकडं सुरक्षित आहे म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर विचारलं, पुढच्या आठवड्यात ठरवणार होतास ना रे? तर म्हणतो, प्रॅक्टिकली दुसरा मार्ग नव्हता. मग जे काही बोलले ते मराठीत, इंग्रजीत पुरलं नसतं. केक कापला नाही. उचलला आणि खाली दारावरच्या माणसाला देऊन आले. विनयाला फोन केला तर ती रडायला लागली, मी नाही रडले, मला अजून रागच येतोय, रोज सकाळी उठल्या उठल्या येतो.

आणि कळस ऐक. गेल्या आठवड्यात ह्याच योस्टची मेल आली. नवीन मुलगी आलीय पोर्तुगालहून, तिला माझ्या एंझाइमवरच काम करायचंय, तर त्या कुप्या मी कुठं ठेवल्यात, म्हणे. मी कुठं ठेवल्यात! लाज नाही, शरम नाही. अ‍ॅलन म्हणाला सोड आता, जाऊ दे. काय म्हणून जाऊ दे?

पण त्या पोरीचा काय दोष गं? देश सोडून आलीय, आणि तिला वाटतंय इथं काहीतरी आहे. कोणता बदल चालला, कोणता बंद पडला, कशावर वर्षं वाया घालवू नयेत, ते माझ्या डोक्यात आहे, ते अजून कुणी मशीनला जागा पाहिजे म्हणून रिकामं केलेलं नाही. तिला लिहिलं, रविवारी जेवायला ये, बस माझ्याजवळ, परत पहिल्यापासून उभं करू, देव तुला चांगली बुद्धी आणि बरा हेड देवो. योस्टला उत्तर दिलेलं नाही.