डोळा मारणारं घुबड

—नाही, दोन्ही हातांनी धरा. एका हातानं धरायला ती काय छत्री आहे? हां, अशी. तुम्हीच आलात ना सांगायला, की काका, घुबडाचा एक डोळा गेलाय म्हणून? मग आता शिडी धरायचं पुण्यही तुम्हीच घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही संध्याकाळपासून अकरावे—अकरा जण आले सांगायला! एवढी मोठी बाग, झाडाझाडावर माळा, मोर आहे, जहाज आहे, दिव्यांचा अख्खा बोगदा आहे, पण माणसाची नजर जाते कुठे, तर जो पेटला नाही त्याच्यावर. एक बाई तर पोराला म्हणाल्या, बघ, घुबड डोळा मारतंय. झालं! तेव्हापासून फोटोसाठी इथे ही झुंबड. आमचे साहेब येऊन विचारून गेले, कल्पना कोणाची, पुढच्या वर्षी हरणांचेही एकेक डोळे बंद करू. मी कानावर हात ठेवले.

बिघाड सापडला का म्हणता? अहो, असेल तर सापडेल. दुपारी मीच सैल केलाय तो बल्ब. दीड आटा. हसू नका, शिडी हलते.

त्याचं असं आहे—आमची लेक लहान होती तेव्हा थंडी पडली, दिवे लागले, की पहिल्या रविवारी बायको तिला घेऊन इथे यायची. आणि मी कुठे? मी असाच वर. सत्तावीस वर्षं या बागेत माळा लावतोय, पण घरच्यांबरोबर एक फेरी मारली असेल तर शपथ. पोर रुसायची. म्हणून मग मी एक बल्ब सैल करून ठेवायला लागलो, कुठला ते सांगायचो नाही. ती अख्खी बाग धुंडाळायची आणि सापडला की खालून ओरडायची—‘बाबा, हा बघा!’ मग मी तिथे शिडी लावायचो, ती खाली धरून उभी राहायची, अगदी तुमच्यासारखी—नाही, तुमच्यापेक्षा बरी—आणि मी तो घट्ट करायचो. पेटला की टाळ्या काय, उड्या काय, जशी काही सगळी बाग तिनंच लावली! मला वाटायचं, चला, लेकीबरोबर फिरणं झालं. वाटायचं आपलं.

कोण, मी? फाटकाकडे? छे, वायर बघतोय.

बरं, बघतोय. येणार आहे ती आज. सहा वर्षांनी. म्हणजे घरी येते हो, राहते, जेवते, भांडण नाही काही—पण दिवे बघायला म्हणून नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा जुने फोटो काढून बसलो होतो सगळे. बागेतले चौदा फोटो. चौदाही फोटोंत बायको, लेक, आणि वर कोपऱ्यात शिडीवरचे माझे बूट. होणाऱ्या नवऱ्याला बुटांवर बोट ठेवून म्हणाली, ‘आणि हे आमचे बाबा.’ सगळे खो खो हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. मग ती आत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. रात्री बायको म्हणाली, ‘ती हसत नव्हती, कळलं का तुम्हाला?’ नव्हतं कळलं. खरंच नव्हतं. वायर आतून कुठे तुटलीय ते मला नुसत्या बोटांना कळतं हो, पण हे नाही कळलं. फार लागलं ते मला. अजून लागतं.

आज नातीला घेऊन येतेय, चार वर्षांची आहे. बायकोनं सकाळीच बजावलंय, सहा वाजता फाटकाशी उभे राहा, साध्या कपड्यांत, हातात पक्कड नको. किती वाजले? साडेसहा? अहो, उभा होतो की सहाला! पाच मिनिटं. मग धीरच सुटला. बाजूनं चालताना लेकीशी बोलायचं काय? वर चढलेलं बरं असतं, कोणी खालून काही विचारलं तर म्हणता येतं, काम चालू आहे. तेवढ्यात तुम्ही आलात, अगदी देवासारखे—

आल्या! त्या बघा—तुम्ही नका बघू, शिडी धरा. लाल टोपीवाली ती नात. लेक वाकून तिच्या कानात काहीतरी सांगतेय. काय सांगतेय? आता ती चिमुरडी मान वर करून... शोधतेय हो! मोर बघितला, जहाज बघितलं... इकडे गं, इकडे! केला, हात केला! घुबडाकडेच केला! विसरली नाही हो माझी पोर, लेकीलाही शिकवलंन. आता वर बघतेय माझ्याकडे. फोन काढला—अगं थांब, थांब, पुन्हा बूटच येतील! धरा नीट, उतरतोय मी. बल्ब? राहू दे तसाच. आज लेकीला वर चढवतो आणि शिडी मी धरतो.

हं, टेकले पाय. सोडा आता. सोडा म्हणतो ना! आणि काय हो, त्या कमानीखाली दोन मुलांना घेऊन मघापासून उभ्या आहेत त्या बाई कोण? तुमच्याच ना? फोटो काढूनसुद्धा झाला त्यांचा. अहो, माझे निदान बूट तरी यायचे. पळा!