उत्तनच्या माळावरचे पाच चौकोन

अनसूया : चहा नको, पाणी नको. मग भाईंदरपर्यंत आलात कशाला, सर? दोन वर्षांत साधा फोन नाही.

गुणवंत : तुझी डायरी हवीय. उत्तनच्या माळावरची.

अनसूया : छापून आलेल्या संशोधनाच्या पेपरवर तर तुमच्या एकट्याचं नाव आहे. हवा तापली की माळाचं गवत निम्मं होतं, हा तुमचा शोध. तीन पावसाळे चिखलात बसून ते गवत कापलं, वाळवलं, वजन केलं ते मी.

गुणवंत : तू काविळीने आजारी होतीस. पेपर किती दिवस थांबवणार?

अनसूया : मी सलाइनवर होते आणि तुम्ही माझं कपाट उघडून तक्ते नेलेत. बरी होऊन आले, तर तुमच्या हाताखालची माझी पीएचडीनंतरची संशोधकाची जागाही गेलेली.

गुणवंत : झालं ते झालं. जर्मनीच्या एका बाईंनी जर्नलला लिहिलंय. प्लॅस्टिकच्या आडोशाने गरम ठेवलेल्या चौकोनांत त्र्याण्णव सालीच गवत एवढं कसं घटलं, विचारतायत. मूळ नोंदी मागतायत.

अनसूया : त्या ऑगस्टमध्ये कुंपण मोडलं. शेजारच्या चौक गावातल्या धर्माजींच्या म्हशी आत शिरल्या. गरम ठेवलेल्या आठपैकी पाच चौकोन चरून साफ.

गुणवंत : म्हशी?

अनसूया : डायरीत तारखेसकट आहे. तक्ता पक्का करताना ते आकडे मी वगळणारच होते.

गुणवंत : मग मला सांगायचंस ना!

अनसूया : विचारलंत कधी?

गुणवंत : हे बघ, ते एक पान सोडून बाकीची झेरॉक्स दे. पुढच्या पेपरवर पहिलं नाव तुझं. नोकरीचंही बघतो मी.

अनसूया : तुम्ही असे दारात याल, असंच काहीतरी बोलाल, याची रोज वाट बघत होते. जागा गेल्यावर शेतात भात लावतानासुद्धा.

गुणवंत : म्हणजे देतेस?

अनसूया : दिली. त्याच पानाची झेरॉक्स सोमवारी रजिस्टर्डने गेली. एक जर्नलला, एक त्या बाईंना. खाली धर्माजींची सही. पेपरच्या शेवटी आभारात माझं नाव टाकलं होतंत ना, त्यावरून त्या बाईंनी मला शोधून काढलं.

(गुणवंत खुर्चीत बसतात.)

गुणवंत : पेपर मागे घ्यावा लागेल. तीस वर्षांचं नाव जाईल माझं... आणि तुझं काय राहिलं, अनसूया? तुझी तीन वर्षंही त्यातच गेली.

अनसूया : ठाऊक आहे. पोस्टातून घरी येईपर्यंत रडत होते मी. पण पत्र परत मागायला गेले नाही.