आजची मुलं, कालची मोजपट्टी

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भूपेंद्रभाऊ, मंचावरील मान्यवर पाहुणे, रुग्णालयातले माझे सहकारी आणि धुळे-जळगावहून अगत्याने आलेल्या बंधुभगिनींनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आभारी आहे. मानसतज्ज्ञ म्हणून इथे मुलांची बुद्धी मोजण्यात माझी सारी नोकरी सरली. आत्ता मंचावरून पाहुणे अभिमनआबा म्हणाले, "नातवंडं आजोबांपेक्षा हुशार निघताहेत," आणि टाळ्या पडल्या. चाचणीतले गुण पिढीगणिक वाढलेत, हे खरं. का वाढले? कुणी सकस आहार म्हणतं, कुणी शिक्षण, कुणी लहान कुटुंब, कुणी मोबाइलवरची चित्रकोडी. अभ्यासकांचं एकमत नाही. पण आपल्या विभागातली चाचणी आजोबांच्या काळातल्या मुलांवर बेतलेली! त्या मोजपट्टीवर आजचं मूल उंचच भरणार. मागे पडलेलंसुद्धा.

चोपड्याच्या पुष्पाबाई त्यांच्या मोनालीला घेऊन आल्या. नऊ वर्षांची पोर, शेजारच्या घरून परतताना वाट चुकायची. गुण आले पंचाहत्तर. सत्तरच्या वर, म्हणून बौद्धिक दिव्यांगत्वाचा दाखला नाही, विशेष शाळा नाही. चाचणी जुनी आहे, या आकड्यावर जाऊ नका, असं मी लिहून दिलं. वरिष्ठ आकड्यावरच गेले. मग गावातल्या गुरुजींनी ठरवलं, पोरीत काही कमी नाही, म्हणजे ती आळशी आहे. रोज छडी.

पुष्पाबाई पुन्हा आल्या. "ताई, चाचनी जुनी शे, पन मनी पोर तं आजनी शे ना?"

नवी चाचणी मागायला गेलं की साहेब म्हणायचे, "मॅडम, गुण चांगले येताहेत, तक्रार कसली?" हसू नका, मंडळी. असं दरवर्षी ऐकलंय.

शेवटी रजा टाकून मायलेकींना नाशिकला नेलं. नव्या चाचणीत एकसष्ट. दाखला मिळाला, विशेष शाळाही मिळाली. पण तोवर पोर इतकी धास्तावली होती, की नव्या बाईंनी डोक्यावरून हात फिरवायला उचलला तरी अंग चोरायची. कितीतरी महिने. ती धास्ती कुठल्या चाचणीत मोजायची?

सोमवारी माझ्या खुर्चीत पुनम बसेल. तिच्यापुढे त्या चाचणीची तीच जुनी पेटी असेल. भूपेंद्रभाऊ, माझा सत्कार झाला. आता तेवढी पेटी बदला.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी कडू बोलले. माझ्या शब्दांत काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. मोनालीचं मात्र पोटात घालू नका.