पंखा कुठवर पसरला होता

पुरवणी जबाब

तुमच्या कागदावर ‘आम्ही एका रांगेत, रस्त्याच्या कडेने चाललो होतो’ असं माझ्या नावावर लिहिलेलं आहे. एका रांगेत होतो, हे खरं. कडेने नव्हतो. हेच सांगायला मी सोमवारी आलो होतो, तेव्हा साहेब नाहीत म्हणून परत पाठवलं. मंगळवारी आलो तर लेखनिक नाहीत. आज दोघेही आहेत, तर मला आता पुन्हा ‘उद्या ये’ म्हणू नये. मालक खाडा धरतो.

नाव आधीच्या कागदात आहे ते बरोबर आहे. सायकल क्लबात मला शेपूट म्हणतात, कारण मी सगळ्यांच्या शेवटी चालवतो. तेही लिहिलं तरी चालेल. वय तेवीस. शिक्षण सातवी, आठवीत बसलो होतो, पण टिकलो नाही. धंदा नोकरी, धुलाई कारखान्यात, इस्पितळांच्या चादरी रोलरमधून काढायच्या. राहणार त्याच कारखान्याच्या वरच्या खोलीत, आणखी पाच जणांसोबत. गाव लांब आहे, तिथे आई आणि धाकटी बहीण. मी समक्ष हजर राहून सांगतो ते असं.

रविवारी मला इथे आणलं तेव्हा हनुवटीला नुकतेच टाके घातले होते. तोंड बधिर होतं, ओठ कुठे संपतो ते कळत नव्हतं. लेखनिक मला विचारायचे आणि उत्तर क्लबचे कॅप्टन द्यायचे. खाली लिहिलंय की मी मान हलवून दुजोरा दिला. मान मी हलवली, पण ती गळ्यावर ओघळणारं पाणी पुसायला. कॅप्टन धंद्याने दातांचे डॉक्टर आहेत. बधिर तोंडाच्या माणसाच्या वतीने बोलायची त्यांना सवयच आहे. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही.

क्लबात मी गेल्या वर्षी थंडी पडायला लागली तेव्हा आलो. मी रविवारी सकाळी कारखान्याच्या मोडक्या सायकलवर गठ्ठे पोचवून रिकामा परत येत होतो. मागून ही मंडळी आली आणि बाजूने निघून गेली. कुणी ओरडलं नाही, घंटी वाजवली नाही, नुसता साखळ्यांचा बारीक आवाज, पाऊस यायच्या आधी पानं वाजतात तसा. त्यांच्या मागोमाग हवेत एक पोकळी आली आणि मी आपोआप तिच्यात ओढला गेलो. पाय तेवढेच मारत होतो, पण सायकल दुप्पट पळत होती. मला वाटलं, उतार लागला. रस्ता सपाट होता. सगळ्यात मागे एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, शाळेत कसरत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांनी वळूनसुद्धा न बघता सांगितलं, “पोरा, आलायस तर चाक सोडू नकोस. सुटलास की संपलास.” मी चाक सोडलं नाही. कारखान्याचं वळण मागे गेलं तेही कळलं नाही.

पुढे कॅप्टननी त्यांची जुनी सायकल मला वापरायला दिली. हे मी लिहून घ्या म्हणतो, कारण ते खरं आहे आणि आज मी जे सांगणार आहे त्याने ते खोटं होत नाही.

लेखनिकांनी विचारलं की क्लब म्हणजे नक्की करतो काय, शर्यत? तर नाही. थंडीभर दर शनिवार-रविवार उजाडता उजाडता पाण्याच्या टाकीखाली जमायचं आणि नदीच्या बाजूला जाऊन जेवणाच्या आत परत यायचं. कुणी बँकेतला, कुणी दुकानदार, बाई, डॉक्टर, मी. थंडीत बोटं इतकी गारठतात की ब्रेक दाबला की नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं. मिशीवर दव गोठतं. मी आठवडाभर वाफेत उभा असतो, तिथे हिवाळा कळतच नाही. इथे आलो की जग केवढं मोठं आणि केवढं गार आहे ते समजतं. खोलीतली पोरं म्हणतात, सुटीच्या दिवशी फुकट घाम गाळतोस, वेडा आहेस का.

आता रविवारचं. आम्ही बारा जण होतो. परतीला निघालो तेव्हा उघड्या शेतांमधला सरळ रस्ता लागला आणि वारा सुटला. वारा समोरून नव्हता, आमच्या कडेच्या शेतातून आडवा होता. आडवा वारा असला की एकामागे एक चालून उपयोग नसतो, आडोसा मागे पडत नाही, बाजूला पडतो. म्हणून कॅप्टन ओरडले, “पंखा लावा!”

लेखनिक म्हणाले, “पंखा उन्हाळ्यात लावतात.” तर हा तो नव्हे. पहिला सायकलवाला वाऱ्याकडच्या कडेला राहतो. दुसरा त्याच्या थोडा मागे आणि थोडा बाजूला, त्याच्या आडोशात. तिसरा दुसऱ्याच्या आडोशात. अशी तिरपी रांग रस्त्यावर उलगडत जाते. पहिला दमला की मागे सरकत सरकत येतो, दुसरा पहिला होतो. मी लेखनिकांना टेबलावर टाचण्या मांडून दाखवलं. त्यांनी दोन टाचण्या स्वतःच सरकवल्या आणि म्हणाले, “अरे, पण हे तर पार पलीकडे जातंय.” मी तेच सांगायला तीन दिवस फेऱ्या मारतोय.

क्लबाचा नियम आहे. पंखा मधल्या पट्टीपर्यंतच. पट्टी आली की ज्याला पुढे जागा उरली नाही त्याने मागे राहून दुसरा पंखा सुरू करायचा. आमच्या रस्त्यावर एका पंख्यात पाच, फार तर सहा मावतात. पण तो सहावा कोण ते सारखं बदलत असतं, कारण रांग फिरत असते. म्हणजे थांबायचं कुणी हे कुणा एकाच्या माथी मारता येत नाही, आणि मी मारत नाही.

रविवारी कुणीच थांबलं नाही. का, ते मी सांगतो, आणि लेखनिक म्हणाले की ‘का’ जबाबात लागत नाही, तरी घ्यावं. मी नवखा म्हणून माझा पुढे जायचा नंबर नसतो. मी शेवटीच असतो, आणि शेवटून सगळी रांग दिसते. सूर्य अजून फारसा वर आला नव्हता, बरोबर आमच्या समोर. अकरा जणांच्या पाठी, अकरा सावल्या, आणि प्रत्येकाच्या तोंडातली वाफ सोन्यासारखी होऊन एकाच बाजूला उडत होती. पुढचा मागे येतोय, मागचा पुढे जातोय, कुणाचं चाक कुणाला लागत नाही, कुणी बोलत नाही. आभाळातून थव्याने पक्षी जातात ना, ते एकमेकांना न विचारता कसे वळतात असं मला लहानपणापासून वाटायचं. तेव्हा वाटलं, हे असंच असेल. इतकं सुरेख चाललं होतं की ते मोडावं असं कुणाच्या मनात आलं नाही. बाई माझ्या पुढेच होत्या. एवढी वर्षं नियम शिकवणारी बाई, पण त्याही काही बोलल्या नाहीत. नुसत्या मोठ्याने हसल्या, आनंदाने.

तेव्हा माझं पुढचं चाक कुठे होतं ते मी खात्रीने सांगतो. मधल्या पट्टीवर नाही. पलीकडच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर. मी खाली बघितलं होतं, कारण पट्टीवर दव गोठलेलं होतं आणि मला घसरायची भीती होती. बारा जणांत मीच सगळ्यात पलीकडे होतो, म्हणून हे माझ्याइतकं कुणालाच माहीत असणार नाही.

दुधाचा टेम्पो समोरच्या चढावरून आला. सूर्य त्याच्या पाठीशी होता, आमच्या डोळ्यांत. आम्हाला तो दिसला नाही, त्याला आम्ही दिसलो. तो त्याच्या बाजूने येत होता. क्लबाच्या फिर्यादीत लिहिलंय की तो भरधाव होता आणि मधली पट्टी ओलांडून आला. वेग मला सांगता येणार नाही. पट्टी त्याने ओलांडली नाही. ओलांडली होती ती आम्ही. त्याच्या पुढ्यात अर्धा पंखा होता. त्याला दोनच गोष्टी करता आल्या असत्या, आमच्यातून जायचं किंवा रस्ता सोडायचा. त्याने रस्ता सोडला. गाडी चराच्या काठावरून उडाली, शेतात पडली आणि कुशीवर घसरत गेली. एवढ्या मोठ्या गाडीचा वारा आला, पण आमच्या एकाही माणसाला तिचा धक्का लागला नाही. मीही घाबरून हँडल फिरवलं आणि त्याच चरात पडलो, बोरूच्या झाडीत. हनुवटी दगडावर आपटली ती तिथे. म्हणजे ही जखम टेम्पोची नाही, दगडाची आहे.

छातीला मार लागल्याने मला आवाज निघेना. पण झाडीतून दिसत होतं. दुधाचे कॅन उघडले होते. दूध ताजं होतं, गरम. ते गोठलेल्या गवतावरून पसरत गेलं तशी सगळ्या शेतातून वाफ उठली, आणि सूर्य त्या वाफेत आला. मी असं कधी पाहिलं नव्हतं. त्या वाफेतून टेम्पोवाले काका बाहेर आले. एक हात खांद्यातून सुटून नुसता लोंबत होता. आमची मंडळी रस्त्यावर खिळल्यासारखी उभी. काका ओरडले, “जागचं हलू नका कुणी! किती होतात तुम्ही?”

कॅप्टन म्हणाले, “बारा.”

काकांनी चांगल्या हाताचं बोट दाखवत एकेकाला मोजलं. “अकराच आहेत,” ते म्हणाले. बाई ओरडल्या, “शेपूट! आमचा शेपूट कुठाय?” काका कुणाची वाट न बघता वळले, गोठलेल्या जमिनीवर पोटावर आडवे झाले आणि एका हाताने सरपटत आपल्याच गाडीखाली बघायला लागले. गाडी करकरत होती, अजून पुरती टेकलीही नव्हती. बाई म्हणत होत्या, “अहो, बाहेर या, पडेल ती!” ते आतूनच म्हणाले, “पोरगं आहे का ते बघू तर द्या.”

ते मला शोधत होते. मी चरात होतो, हाकेच्या अंतरावर, आणि हाक मारता येत नव्हती. माझ्या जन्मात मला असं कुणी शोधलेलं नाही. शेवटी मी बोरू धरून हलवला. बाईंनी बघितलं. काका बाहेर आले, दुधाने भिजलेले, माझ्याकडे बघून म्हणाले, “आहेस होय तू. मग बरं.” आणि बसले. त्यानंतर त्यांना तो हात दुखायला लागला. तोपर्यंत दुखत नव्हता, असं वाटलं.

गोठलेल्या दवावर टेम्पोच्या चाकांची वाट स्पष्ट उमटली होती, त्याच्याच बाजूने. तुमची माणसं येईपर्यंत ऊन चढलं आणि ती विरघळली. म्हणून आता फक्त माणसांचं बोलणं उरलं आहे. काकांचा परवाना तुमच्याकडे जमा आहे, आणि परवाना गेला तर त्यांचं दूध बंद, हे त्यांच्या बायकोने इथे बाकावर बसून सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हा मीही त्या बाकावर होतो.

काल कॅप्टन कारखान्यात आले होते. चिडले नाहीत. म्हणाले, “शेपटा, आपल्याच माणसांना अडकवशील? विमा मिळायचा नाही, क्लब बंद पडेल. मग रविवारी काय करशील?” मी म्हटलं, “डॉक्टर, तो माणूस गाडीखाली शिरला होता.” ते म्हणाले, “ते मी पाहिलं रे.” आणि निघाले. सायकल त्यांनी परत मागितली नाही. ती मी आज सकाळी त्यांच्या दवाखान्यात ठेवून इथे चालत आलो आहे. रविवारी काय करणार, ते मला माहीत नाही.

बाईंना मी फोनवर विचारलं होतं, काय करू. त्या म्हणाल्या, “तू कुठे होतास ते तू सांग. मी कुठे होते ते मी सांगेन. कॅप्टनला त्याचं तो सांगू दे.” त्या आज दुपारी इथे येणार आहेत.

मला क्लबाविरुद्ध तक्रार नाही. कुणाला शिक्षा व्हावी असं माझं म्हणणं नाही. आम्ही जिथे होतो तिथे होतो, एवढं लिहिलं जावं.

हे सगळं लेखनिकांनी मोठ्याने वाचलं आणि मी ओळीवर बोट ठेवून सोबत वाचलं. काही ठिकाणी माझं बोलणं सरकारी झालं आहे, पण म्हणणं माझंच आहे, आणि खरं आहे. अंगठा नको, मला सही येते.

सही करण्याआधी मी आणखी एक घ्यायला सांगितलं. लेखनिक म्हणाले, “साक्षीदाराने आरोपीला पैसे दिलेले मी नोकरीत पाहिले नाहीत. उलटं पाहिलंय. हे कशाला लिहायला लावतोस?” म्हणून लिहा, की उद्या कुणी म्हणू नये, लपवून दिले. आईला मी फोन करून सांगितलं आहे की या महिन्यात घरी कमी येतील. ती म्हणाली, “त्या माणसाने तुला शोधलं ना? मग मला काय विचारतोस?” सांडलेल्या दुधापुढे ते काहीच नाहीत, हे मलाही कळतं. पण मी ते काकांच्या घरी माझ्या हाताने, माझ्या नावावर पाठवतो आहे: सातशे.